मस्टरवर नाव नसलेल्याचा मृत्यू : नुकसानभरपाई आणि अपील

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्‌घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. उद्‌घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे ते चिरंजीव, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिले आता मुंबईऐवजी इथे चालतात. या बेंचसाठी अनेक वर्षे लढा झाला आणि तो यशस्वी झाला याचा आनंद सर्वांना आहे. परंतु शिरोलीच्या फाउंड्रीत भाजलेला, इचलकरंजीच्या मागावर हात गमावलेला, साखर कारखान्याच्या गव्हाणीत किंवा गुऱ्हाळाच्या चरकात सापडलेला जो माणूस, त्याच्या मागे राहिलेल्यांना या बेंचचा उपयोग किती, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. त्यासाठी अपील म्हणजे काय हे आधी समजून घ्यावे लागेल.

कामगार कामावर मेला तर पूर्वी त्याच्या विधवेला दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. ते तिच्याने होणे शक्य नव्हते. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याने एक मोठी गोष्ट केली. चूक कुणाची हा प्रश्नच त्याने बाजूला सारला. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला एवढे दाखवले की मालकाची जबाबदारी ठरते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते त्या काळात, १९४३ साली, आरोग्यविम्याचा अभ्यास प्रा. अडारकरांकडे सोपवण्यात आला. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले आहेत. 'आयुक्त' जाऊन 'सक्षम प्राधिकारी' आला. त्यापूर्वीच्या अपघातांना मात्र त्या दिवशीचा कायदाच लागतो, आणि आज उच्च न्यायालयात असलेली बहुतेक प्रकरणे जुन्या कायद्याचीच आहेत. अपिलाचा सांगाडा तर संहितेनेही जवळजवळ तसाच ठेवला आहे.

विमा योजनेत नोंदलेल्या कामगाराला १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नसे. त्याचे दार निराळे, म्हणजे विमा महामंडळ आणि वाद झाल्यास विमा न्यायालय. नोंद नसलेल्यांसाठी आयुक्त. महाराष्ट्रात आयुक्ताचे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पाहत आले. कोणते दार आपले, हे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्यावे. चुकीच्या दारात वर्ष-दोन वर्षे गेली तर मुदत हातची जाते. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती.

आता अपिलाकडे येऊ. आयुक्तांच्या निकालावर अपील थेट उच्च न्यायालयात होते. मुदत साठ दिवसांची. मालकाला अपील करायचे असेल तर ठरलेली सर्व रक्कम आयुक्तांकडे भरून तसा दाखला जोडावा लागतो, त्याखेरीज अपील दाखलच होत नाही. ही अट कामगाराच्या बाजूची आहे. पैसे भरले गेले की विधवेने ते मिळावेत म्हणून लगेच अर्ज करावा. अपील चालू असताना आयुक्ताने रक्कम रोखून ठेवण्याची तरतूद करणारे कलम २०१७ च्या दुरुस्तीने काढून टाकले आहे. उच्च न्यायालयाने स्थगिती दिलेली नसेल तर 'अपील चालू आहे' एवढ्या उत्तरावर परत फिरण्याचे कारण नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाची अट दुसरीच आहे. कायद्याचा सारभूत प्रश्न असल्याखेरीज हे अपील चालत नाही. म्हणजे असे की, माणूस त्या दिवशी कामावर होता की नव्हता, त्याला पगार किती होता, तो कशाने मेला, या वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर आयुक्ताचा शब्द शेवटचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हे पुन्हा स्पष्ट केले. उच्च न्यायालयात साक्षीदार उभा राहत नाही आणि विधवेला कुणी काही विचारत नाही. तिथे फाईल वाचली जाते. पुरावा नसताना निष्कर्ष काढला, असलेला पुरावा डावलला, कलमाचा अर्थ चुकीचा लावला, एवढेच तिथे पाहिले जाते. फाईलमध्ये जे आले नाही ते अपिलात उगवत नाही.

कायद्याचा प्रश्न कसा असतो हे एका उदाहरणाने पाहू. कामावर जाता-येता मेलेला माणूस कामाच्या ओघात मेला काय? १९५८ साली पोरबंदरच्या मिठागरातील मजुरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. खाडी ओलांडताना होडी उलटून ते बुडाले होते. होडी सार्वजनिक, वाट सर्वांची, म्हणून भरपाई नाही, असे ठरले. १९६३ साली काम संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना मेलेल्या मुंबईच्या बेस्टच्या एका चालकाच्या प्रकरणाचा निकाल लागला. बसचा फुकट प्रवास हा नोकरीचाच भाग, म्हणून भरपाई मिळाली. कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर सायकलवरून येणाऱ्या एका कामगाराला लॉरीने उडवले होते. विमा कायद्याखालच्या त्या दाव्याला १९९६ साली पुन्हा नकार मिळाला. २०१० साली संसदेने विमा कायद्यात कलम घालून जाण्यायेण्याचा अपघात, कामाशी संबंध दिसल्यास, कामाच्या ओघातला मानला.

आणि मग मराठवाड्यातले प्रकरण आले. साखर कारखान्यावरचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात मेला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. २००९ साली उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ साली उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण माणूस अजून कामावर पोहोचलाच नव्हता. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा कायम केला. २०१० चे कलम नवा हक्क देणारे नसून जुन्याच शब्दांचा अर्थ उलगडणारे आहे, म्हणून ते आधीच्या अपघातालाही लागते आणि भरपाईच्या कायद्यालाही लागते, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेत तर ही तरतूद सरळच आली आहे.

बापाच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी हा निकाल लागला. तेव्हा त्याची मुले त्याच्या वयाला येऊन पोहोचली असतील. आणि तरीही तो लागला, याचे कारण वस्तुस्थितीवर वाद उरलेला नव्हता. तो कारखान्याचा नोकर होता, पाळी तीनची होती, रस्ता कारखान्याचा होता, हे सारे पहिल्याच पायरीवर कागदावर आले होते. त्याच्या जागी मुकादमाने आणलेला, मस्टरवर नाव नसलेला मजूर असता तर कायद्याचा अर्थ लावण्यापर्यंत गोष्ट गेलीच नसती. 'तो आमचा माणूसच नव्हे' या एका वाक्यात ती संपली असती.

आपल्या समाजाचा प्रश्न इथे आहे. सर्वांत धोक्याची कामे ज्यांच्या वाट्याला येतात त्यांचीच नावे मस्टरवर नसतात, आणि ही केवळ योगायोगाची गोष्ट नाही. ज्या व्यवस्थेने गावकुसाबाहेर घर दिले तिनेच हजेरीपटाबाहेर काम दिले आहे. गटारात उतरून मेलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये ठरवले. पण तिथेही नगरपालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार हात वर करतो. वास्तविक मूळ मालकाच्या नेहमीच्या व्यवसायातले काम ठेकेदारामार्फत होत असले तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ही तरतूद १९२३ पासून आहे.

नोंद नसण्याची किंमत रुपयांत किती होते तेही पाहावे. जुन्या कायद्यात मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये होती. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. पगार १५,००० सिद्ध झाला तर १३,८१,२७५ रुपये होतात. मालकाने 'आठ हजारच देत होतो' म्हटले आणि आपल्याकडे चिठ्ठीचपाटी काही नसेल तर ७,३६,६८० रुपये. साडेसहा लाखांच्या आसपास रक्कम केवळ कागद नसल्यामुळे जाते, आणि पगार किती हा वस्तुस्थितीचा प्रश्न असल्याने उच्च न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम मृत्यूच्या दिवशीच सुरू झाले पाहिजे. पंचनामा लिहिला जात असताना आपला एक लिहिता-वाचता माणूस तिथे असावा. मृत माणूस 'मजूर' एवढेच न लिहिता कुणाकडे, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर होता हे जबाबात यावे. शवविच्छेदनाचा अहवाल, सोबत्यांची नावे, पगार बँकेत येत असल्यास पासबुक, रोख असल्यास दुकानदाराची उधारीची वही, फोनवरचे मुकादमाचे निरोप, हे सारे गोळा करावे. सोबती आठ दिवसांनी बोलेनासे होतात, त्यांनाही उद्या तिथेच कामावर जायचे असते. विधवेचे नाव सासरी एक, आधारवर एक असे असेल तर तेही आधीच दुरुस्त करून घ्यावे.

तीन गोष्टी तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात. पहिली, 'दारू प्यायला होता' हा बचाव मृत्यूच्या दाव्यात चालत नाही. दुसरी, मालकाने घरी येऊन पन्नास हजार हातावर ठेवले आणि अंगठा घेतला म्हणजे भरपाई झाली असे होत नाही. मृत्यूची भरपाई अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी वजा होते. हक्क सोडल्याचा करारही निरर्थक ठरतो. तिसरी, कामगार मेल्याची खबर कुणाकडूनही मिळाली तरी आयुक्त मालकाला नोटीस पाठवून तीस दिवसांत खुलासा मागवू शकत असे, आणि ही तरतूद संहितेतही आहे. म्हणजे शाळेतल्या शिक्षकाने पाठवलेले एक साधे पत्रही पुरेसे असते. असे पत्र आपण किती वेळा पाठवले?

वकिलाच्या फीची अडचण खरी आहे. परंतु १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तो खालच्या न्यायालयात आहे तसा उच्च न्यायालयातही आहे.

कोल्हापूरचे बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयात बसते. जिल्ह्यातली कितीतरी प्रेते शवविच्छेदनासाठी याच सीपीआरमध्ये येतात. समोरासमोरच्या या दोन इमारतींमधला रस्ता ओलांडायला पूर्वी मुंबईपर्यंत चारशे किलोमीटर जावे लागे. आता ते अंतर मिटले. पण शवागारातून निघालेला कागद अपिलाच्या फाईलपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणतेही बेंच करणार नाही. ते वस्तीतल्या कार्यकर्त्याने, विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने आणि गावच्या शिक्षकाने करायचे आहे. प्रत्येक तालुक्यात पाच-सात जणांनी एवढे शिकून घेतले, तरी पुढच्या मृत्यूनंतर 'तो आमचा माणूसच नव्हे' असे म्हणणे मालकाला सोपे जाणार नाही.