जुन्या डेस्कटॉपवर खर्च कुठे करावा?

आठ-दहा वर्षांचा डेस्कटॉप रखडू लागला, की दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो, हार्ड डिस्कचा असतो. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि विखुरलेला डेटा गोळा करताना वाचणारा हेड सतत इकडून तिकडे हलतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. साटा जोडणीवरही ती सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते. म्हणून पहिला खर्च तिच्यावर करा. विंडोज आणि रोजच्या कामाला २५६ जीबी पुरते. जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी राहू द्या. अदलाबदलीआधी बॅकअप मात्र घ्याच.

दुसरा क्रम रॅमचा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत काठोकाठ भरलेली दिसली, तर ४ जीबीची ८ करा. मदरबोर्डला डीडीआर३ लागते की डीडीआर४, हे आधी पाहा. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट फुकट बसवता येते.

प्रोसेसरसाठी मदरबोर्डही बदलावा लागणार असेल, तर डागडुजी थांबवून नव्या यंत्रासाठी पैसे साठवणे बरे.