मालदांडीच्या पेशीत

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली मालदांडी ज्वारी पुष्कळदा पाण्याची एकही पाळी न मिळता, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण आजही रब्बीत मानाचा समजला जातो आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या काटकपणाचे श्रेय मातीला दिले जाते ते रास्तच आहे. पण त्यातला निम्मा वाटा पेशीचा, म्हणजे सजीवाच्या सर्वांत लहान स्वतंत्र घटकाचा, आहे.

भर दुपारी ताटाची पाने सुरळी करतात. पानाच्या वरच्या बाजूस फुगीर पेशींच्या ओळी असतात. त्यांच्यातील रिक्तिका, म्हणजे पाणी साठवणारी पिशवी, रिकामी होऊ लागली की पेशी आक्रसतात, पान गुंडाळले जाते आणि उन्हाला सामोरे जाणारे क्षेत्र घटते. याहून खोलवरची युक्ती हरितलवकांत, म्हणजे सूर्यप्रकाशावर साखर तयार करणाऱ्या हिरव्या कणिकांत, आहे. ज्वारीत हे काम दोन प्रकारच्या पेशींनी वाटून घेतलेले असते: बाहेरच्या पेशी हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडून तो चार कार्बनी आम्लाच्या रूपात शिरेभोवतीच्या पेशींकडे पोचवतात आणि तिथे त्याची साखर बनते. हा वायू आत दाटीने साठत असल्याने पर्णरंध्रे, म्हणजे पानाची सूक्ष्म छिद्रे, फार उघडी ठेवावी लागत नाहीत आणि त्यांतून उडून जाणारे पाणी वाचते.

ही साखर दाण्यात पोचल्यावर तिथली रंगहीन लवके तिचे पिष्टकण बनवतात. हुरडा गोड लागतो तो हे काम अर्धवट असताना. दाणा वाळेपर्यंत त्याचा गर पिष्टाने ठासून भरतो. गव्हासारखे ग्लुटेन ज्वारीत नसल्याने भाकरीचे पीठ कढत पाण्यात मळतात, म्हणजे पिष्टकण फुगून चिकटपणा येतो. मागे उरलेला कडबा ही मुख्यतः मेलेल्या पेशींची भित्तिका, आणि ती पचवते गाय नव्हे, तर तिच्या पोटातले जीवाणू.

मालदांडीची खरी गंमत मात्र तंतुकणिकांत, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी करणाऱ्या पेशीअंगकांत, दडली आहे. पेशीचा बहुतेक डीएनए केंद्रकात असला तरी तंतुकणिकांना स्वतःचाही थोडा डीएनए असतो, आणि तो बीजाला सामान्यतः आईकडूनच मिळतो. परागकण देतो ते मुख्यतः केंद्रक. त्यामुळे एका वाणाच्या पेशीद्रव्यात, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या, तंतुकणिका असलेल्या भागात, संकराने दुसऱ्याचे केंद्रक बसवले, तर तंतुकणिका आणि केंद्रक यांचे कधी कधी जमत नाही, परागकण वांझ निघतात आणि झाड केवळ मादी उरते. असे झाड संकरित बियाण्यासाठी सोन्यासारखे असते, कारण त्याच्या हजारो फुलांतील पुंकेसर हाताने काढावे लागत नाहीत. अमेरिकेत मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यातून १९५४ मध्ये ही सोय हाती आली आणि १९६४ मधील भारतातील ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण त्यावरच उभा राहिला. सर्वच संकर एकाच पेशीद्रव्यावर बेतणे धोक्याचे म्हणून शास्त्रज्ञांनी पर्याय शोधले, त्यांत आपली मालदांडीही निघाली. तिचे पेशीद्रव्य आज ए-४ गटात मोडते. अडचण अशी की हे वांझपण उलटवून पुन्हा दाणा धरायला लावणारी केंद्रकीय जनुके थोड्याच वाणांत सापडतात. खुद्द मालदांडीच्या केंद्रकात ती असल्याने तिच्या शेतात कणसे भरतात, आणि शेतकरी त्यांतलीच टपोरी कणसे पुढच्या पेरणीसाठी बाजूला काढून ठेवू शकतो.