तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावरील पवनऊर्जा

तमिळनाडूचा दक्षिण किनारा, म्हणजे कन्याकुमारी, तिरुनेलवेली व तूत्तुकुडी हे जिल्हे, हे भारतातील पवनऊर्जेच्या सर्वांत जुन्या क्षेत्रांपैकी एक आहे. कन्याकुमारी जिल्ह्यातील मुप्पंदल हे त्याचे प्रमुख केंद्र होय. राज्याची एकूण स्थापित पवनक्षमता १० हजार मेगावॅटहून अधिक आहे.

भौगोलिक अनुकूलता

समुद्र जवळ आहे म्हणून वारा आहे, एवढे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. या प्रदेशाचे खरे बळ पश्चिम घाटातील खिंडींत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटावर अडून केरळच्या बाजूस पाऊस पाडतात. मात्र अरळवायमोळी व चेंकोट्टई येथील खिंडींतून ते पूर्वेकडे निसटतात. पात्र अरुंद झाले की नदीचा प्रवाह जोर धरतो, तसाच येथे वाऱ्याचा वेग वाढतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षा ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात सव्वादोन पटींहून अधिक ऊर्जा असते. खिंडीपलीकडचा मुलूख पर्जन्यछायेत असल्याने कोरडा व विरळ झाडीचा आहे. शेतीला जे प्रतिकूल, तेच पवनचक्क्यांच्या पथ्यावर पडले.

या वाऱ्याचा मुख्य हंगाम मे ते सप्टेंबर हा आहे. उरलेल्या महिन्यांत उत्पादन बरेच घटते, हे या क्षेत्राचे मोठे वैगुण्य म्हणावे लागेल.

विकास

भारतातील पहिली पवनक्षेत्रे १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तूत्तुकुडी येथे, ५५ किलोवॅटच्या यंत्रांनिशी उभी राहिली. तिन्ही ठिकाणे किनाऱ्यावरचीच. परंतु महाराष्ट्रात पुढील विस्तार कोकणात न होता मुख्यतः सातारा, धुळे यांसारख्या जिल्ह्यांतील पठारांवर झाला. तमिळनाडूत मात्र दक्षिणेचा हा पट्टा आघाडीवर राहिला. १९९०च्या दशकात यंत्रांचा संपूर्ण घसारा पहिल्याच वर्षी दाखविण्याची करसवलत होती. तिचा लाभ घेत राज्यातील सूतगिरण्यांनी स्वतःच्या विजेसाठी पवनचक्क्या उभारल्या. कन्याकुमारीच्या खिंडीतील वारा अशा रीतीने कोइमतूरच्या चात्या फिरवू लागला.

त्या घाईचा परिणाम आजही दिसतो. सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा अल्प क्षमतेच्या, ठेंगण्या यंत्रांनी अडवलेल्या आहेत. ती काढून त्याच जागी मोठी यंत्रे बसविणे, हा नवी जमीन शोधण्यापेक्षा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. तथापि एकेका जागेचे मालक अनेक, मोठ्या यंत्रांना लागणारे परस्परांतील अंतर जास्त, आणि वीजवाहिन्याही जुन्या क्षमतेच्या. म्हणून हे काम संथ चालते. भर हंगामात वाहिन्यांवर ताण येऊन वारा असूनही यंत्रे थांबवावी लागल्याचे प्रसंग घडले आहेत.

सागरी क्षेत्र

मन्नारच्या आखातातील उथळ व वाऱ्याचे पाणी समुद्रातील पवनचक्क्यांसाठी योग्य मानले जाते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये यासंबंधीचे धोरण जाहीर केले. जून २०२४ मध्ये गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी आणि आनुषंगिक बंदरसुविधांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. याच आखातात प्रवाळ, समुद्रगवत व दुर्मीळ समुद्रगाय यांचा अधिवास असलेले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि किनाऱ्यावरील हजारो कुटुंबे मासेमारीवर जगतात. यंत्रांच्या जागा, समुद्रतळावरील केबलचे मार्ग आणि होड्यांच्या वाटा यांचा मेळ येथे आधी घालावा लागतो.