डॅशबोर्डच्या आतला वाटाड्या

डॅशबोर्ड उघडायचा म्हटलं की मेकॅनिकचा हात सवयीने दहा नंबरच्या पान्याकडे जातो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडायचं, हे बरोबरच आहे. पण चावी फिरवल्या फिरवल्या नाही. पडदा काळा झाला तरी नेव्हिगेशनचा संच आत जागाच असतो. गाडी कुठे थांबली, तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं, याची नोंद करत असतो. ती मध्येच तुटू नये म्हणून मिनिट-दोन मिनिटं थांबावं. टर्मिनल सोडल्यावर पुन्हा थांबायचं, कारण एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. टोयोटाची पुस्तकं त्यासाठी किमान 90 सेकंद सांगतात.

ही सगळी किरकिर वाटते, पण नेव्हिगेशनच्या या डब्याचं काम किती नाजूक आहे ते पाहा. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवर. तिथून निघालेला संदेश अँटेनापर्यंत पोचतो तेव्हा त्यात उरलेली ताकद म्हणजे एका वॅटचे कोटी कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाचाही शंभरावा हिस्सा! एवढ्याशा कुजबुजीवरून डबा वेळेचा हिशेब लावतो आणि तुमची जागा जवळपास अचूक सांगतो. म्हणून अँटेनाची वायर कोंबून, दुमडून पॅनेल बसवू नये. अँटेनावर धातूची फिल्म नको, शेजारी स्वस्तातला डॅशकॅमही नको. त्याच्या विजेच्या खरखरीत ही कुजबुज सहज बुडते.

आणि बोगद्यात? तिथे उपग्रह दिसतच नाहीत. मुंबईच्या कोस्टल रोडवर समुद्राकडून मलबार हिलखाली शिरलेली गाडी नकाशावर पुढे सरकत राहते, ती चाकांच्या फेऱ्या आणि वळण ओळखणारा जायरोस्कोप यांच्या जोरावर. ही युक्ती जीपीएसपेक्षाही जुनी. 1981 साली जपानमध्ये होंडाने मोटारीसाठी असा संच आणला, तेव्हा मोटारींना उपग्रहांची मदत नव्हतीच. हेलियमचा बारीक झोत दोन तापलेल्या तारांवर सोडलेला असे. गाडी वळली की झोत किंचित कलायचा, एक तार दुसरीपेक्षा जास्त निवायची आणि त्या फरकावरून यंत्राला वळण कळायचं. नकाशा म्हणजे पडद्यावर बसवलेली पारदर्शक फिल्म. गाडी निघाली कुठून, ते चालकानेच जुळवून द्यायचं. मला तरी हे आजच्या संचापेक्षा जास्त अचाट वाटतं.

आज तो जायरोस्कोप नखापेक्षा लहान सिलिकॉनच्या चिपमध्ये मावतो आणि बहुधा त्याच डब्यात असतो. चार स्क्रूंपैकी दोनच लावून डबा परत बसवला, तर तो हलतो, त्याचा कोन बदलतो आणि वळणांचा हिशेब बिघडतो. मोठे टायर घातले तरी तेच: एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, नकाशावरचा ठिपका मागे राहतो. पुष्कळ संच उपग्रहांशी ताडून स्वतःला दुरुस्त करतात, पण त्यांना थोडं चालू द्यावं लागतं. जुन्या संचात हार्ड डिस्क असेल तर तो आपटू नये, एवढं सांगून पुढे जातो.

बॅटरी बराच वेळ सुटली की जुने संच आणखी एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे कोणता उपग्रह केव्हा कुठे असेल याचं पंचांग. ते उपग्रहच पाठवतात, पण सेकंदाला अवघे 50 बिट या गतीने. अख्खं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, तीही मोकळ्या आभाळाखाली. पत्र्याच्या शेडमध्ये ते उतरणारच नाही.

तेव्हा काम झाल्यावर संच चोरीविरोधी कोड मागेल तो भरा (तो बॅटरी सोडण्याआधीच शोधून ठेवलेला बरा), गाडी शेडबाहेर काढा, संच चालू ठेवून पंधराएक मिनिटं उघड्यावर उभी करा आणि मग थोडी फिरवून आणा. त्यानंतरही ठिपका शेतात दिसला, तर मेकॅनिकला खुशाल जाब विचारा.