कोडिंग शिकताय? मग मराठीचं व्याकरण माळ्यावर टाकू नका!

कामतघरच्या मुलांनो, प्रोग्रामिंगचं मूळ तर तुमच्या भिवंडीतच खडखडतंय. मागावर दोरे उचलणारी डॉबी असेल तर तिच्या पट्टीकडे नीट बघा : खुंटी असली की दोरे वर, नसली की खालीच. झाले की नाही एक आणि शून्य? फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 मध्ये हेच काम भोकं पाडलेल्या कार्डांवर नेलं आणि बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी ती कार्डांची युक्ती उचलली.

पण माझा लाडका विषय वेगळाच आहे : वृत्तं! मार्कांपुरतं पाठ करून सोडून देतात बिचाऱ्यांना.

‘य मा ता रा ज भा न स ल गा’ आठवतं? लघु म्हणजे 0, गुरू म्हणजे 1 धरा : 0111010001. आता एकेक घर सरकत तीन-तीन अंक वाचा : 011, 111, 110... तीन-तीन अक्षरांचे आठही गण येतात, एकही दोनदा नाही. सुटे लिहिले तर 24 अक्षरं लागतात, इथे दहांत काम! संगणकशास्त्रात याला डी ब्रुइन क्रम म्हणतात.

पायथॉन येत असेल तर लघु-गुरू ओळखणारा प्रोग्राम लिहून बघा. ‘पुण्य’मधला ‘पु’ पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो, म्हणजे कोडला पुढचं अक्षर आधी बघावं लागणार. ‘तुम्ही’मध्ये मात्र आघात नाही, ‘तु’ लघुच. ही अट कशी लिहाल? कोड कमेंटमध्ये टाका. मराठीच्या बाईंनाही टॅग करा, चुका त्याच काढतील!