‘गंजवर’ शब्दाचीं अरामी रूपें

हखामनी साम्राज्याचे राज्यकर्ते इराणी. परंतु दूरच्या प्रांतांशीं चालणारा त्यांचा लेखनव्यवहार बहुतांशीं अरामी भाषेंत होई. ही भाषा हिब्रू व अरबी यांच्या सेमिटिक कुळांतील. साहजिकच इराणी पदनामें अरामी लेखकांस आपल्या व्याकरणांत बसवून घ्यावीं लागलीं. ‘चिटणीस’ याचें उत्तरपद फारसी असूनहि ‘चिटणिसांस’ हें रूप मराठी वळणाचेंच होतें, तसाच हा प्रकार.

अशा पदनामांत ‘गंज़बर’ विशेष मननीय आहे. ‘गंज़’ म्हणजे कोश आणि ‘बर’ म्हणजे वाहणारा. हा ‘बर’ संस्कृत ‘भृ’ धातूचा सगोत्र. पर्सिपोलिस येथील राजकोशाच्या उत्खननांत हिरवट दगडाचे खल, बत्ते व तबकें सांपडलीं. त्यांवर शाईनें लिहिलेले इ. स. पूर्व ५ व्या शतकांतील अरामी लेख आहेत. त्यांत हरह्वतींतील, म्हणजे कंदाहाराकडील, बगपात नांवाचा ‘गंज़बरा’ येतो. ‘उपगंज़बरा’ हें दुय्यम पदहि येतें. येथें ‘उप’ हा उपसर्ग इराणी, आपल्या ‘उप’चाच भाऊ; शेवटला ‘आ’ मात्र अरामी. त्या भाषेंत निश्चितता दाखविणारा प्रत्यय नामाच्या शेवटीं लागतो. एकाच शब्दाचें डोकें इराणी व शेपूट सेमिटिक, असा हा मेळ आहे.

बायबलांतील एज़्राच्या ग्रंथांत (अध्याय ७) या पदाचें अनेकवचन ‘गिज़्ज़ब्रय्या’ असें येतें. यांतील ‘य्या’ हा अरामी निश्चित अनेकवचनाचा प्रत्यय. आणि मूळचा ‘न’ पुढील ‘ज़’मध्यें मिसळून त्याचें द्वित्व झालें आहे. स्वतंत्र नामांत तो टिकला : त्याच ग्रंथांत ‘बेत गिंज़े मल्का’, म्हणजे राजाचें कोशगृह, असा प्रयोग आहे. सुरयानी भाषेंत मात्र तेथेंहि ‘न’ लोपून ‘गज़्ज़ा’ झालें.

याहून नवलाची गोष्ट धातूची. सेमिटिक धातु बहुधा तीन व्यंजनांचे. ‘गंज़’ शब्दांत ग-न-ज़ हीं नेमकीं तीन व्यंजनें असल्यामुळें त्यांचा धातूच मानला गेला व ‘सांठविणें, लपविणें’ अशीं क्रियापदें निघालीं. जीर्ण धर्मग्रंथ ठेवण्याची जागा या अर्थाचा हिब्रू ‘गनीज़ा’ शब्द त्यांतलाच. पांच व्यंजनांच्या ‘गंज़बर’ शब्दाला हें भाग्य लाभलें नाहीं; तो नामच राहिला. मंदाई पंथांत मात्र तो आजहि जिवंत आहे : त्यांच्या श्रेष्ठ पुरोहितास ‘गंज़िब्रा’ म्हणतात व त्यांच्या पवित्र ग्रंथाचें नांव ‘गिंज़ा’.

आतां मथुरेकडे वळूं. महाक्षत्रप शोडासाच्या वेळच्या, म्हणजे इ. स. च्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या, एका लेखांत पुष्करिणी वगैरे दान करणारा ब्राह्मण आपणांस ‘गंजवर’ म्हणवितो. यावरून हें पद हखामनी अमलापासून हिंदुस्थानांत अखंड चालत आलें, असें म्हणण्याचा मोह होईल. परंतु अरामी लेखांत सर्वत्र ‘ब’ आहे, येथें ‘व’. मध्य-इराणी रूपहि ‘गंज़वर’ असेंच आहे आणि क्षत्रप तर शक, म्हणजे इराणी भाषाकुळांतलेच. प्राकृतांतहि ‘ब’चा ‘व’ होत असल्यानें या एका अक्षरावर निर्णय टांगतां येत नाहीं. तथापि शब्द शकांबरोबर आला, हाच पक्ष मला अधिक सयुक्तिक वाटतो.