फटीतल्या गवतासाठी घरात विष नको



पाऊस लागला की पंधरा दिवसांत आपल्या सगळ्यांच्या दारात एकच काम येऊन बसतं. शहाबादी फरशीच्या सांध्यात, पेव्हर ब्लॉकच्या फटीत, ओट्याच्या कडेला गवत डोकं वर काढतं. पुढे श्रावणात कानबाई बसायची, पाहुणे यायचे, म्हणून अंगण साफ हवं. आज त्याबद्दलच बोलू या. पण सुरुवात एका बाटलीपासून करते.

आमच्या बचतगटाच्या बैठकीत एका ताईंनी सांगितलं. शेतात फवारून उरलेलं तणनाशक त्यांच्या घरी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलं होतं. अंगणातल्या गवतावर मारलं आणि राहिलेलं मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. चार वर्षांच्या नातवाने ती बाटली उचलली. झाकण घट्ट होतं आणि सून जवळच होती, म्हणून पोर वाचलं. हे सांगताना ताईंचा आवाज कापत होता. मी विचारलं, अशी बाटली आणखी कोणाकडे आहे? एकामागून एक हात वर झाले.

मैत्रिणींनो, पॅराक्वाटसारखं तणनाशक पोटात गेलं तर त्यावर नेमका उतारा नाही. ग्लायफोसेटबद्दल केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढली, की ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांनीच वापरावं. मग जिथे लेकरं रांगतात, पापड वाळतात, कोंबड्या दाणे टिपतात, त्या अंगणात ते कशाला?

आधी पाहू, फटीत गवत येतं कसं. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि फरशी खचते. पावसात तीच माती फुगते आणि फरशी उचलते. दरवर्षी सांधा थोडा थोडा उघडत जातो. त्यात धूळ बसते, वाऱ्याने आणि झाडूने बी येऊन पडतं. ओल मिळाली की झालं.

आता उपाय. पहिला, उकळतं पाणी. कोवळ्या गवतावर ते चांगलं काम करतं. चुलीवर पाणी खळखळ उकळा आणि दांडीच्या किटलीने थेट फटीत, बुडाशी हळूहळू ओता. पातेलं किंवा हंडा उचलून ओतू नका, अंगावर सांडतं. पायात बूट किंवा चप्पल हवी, पदर खोचलेला हवा, मुलं घरात हवीत. तुळस, कढीपत्ता यांच्या मुळांपासून लांबच ओता. पानं दोन दिवसांत पिवळी पडतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा कोंब दिसले तर पुन्हा ओता.

हरळी आणि लव्हाळा मात्र एका पाण्याने मरत नाहीत. हरळीच्या मुळ्या फरशीखाली पसरतात, लव्हाळ्याच्या गाठी मातीत खोल असतात. तिथे दुसरा उपाय, म्हणजे खुरपी, किंवा जुन्या विळ्याचं टोक. पाऊस उघडल्यावर माती मऊ असते, तेव्हा काढा. आमच्या गटातली एक आजी म्हणते, "मुयी ऱ्हायनी म्हंजे गवत ऱ्हायनं." अगदी खरं आहे. गाठ राहिली तर कोंब पुन्हा येणारच. मग दर आठवड्याला खुडत राहायचं. पानंच टिकली नाहीत तर गाठीतला साठा हळूहळू संपतो.

गाजरगवत दिसलं तर फूल येण्याआधीच उपटा. पुण्यात १९५५च्या सुमारास ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. त्याने अंगाला खाज सुटते, कोणाला दम लागतो. म्हणून हाताला प्लास्टिकची पिशवी आणि नाकाला ओढणी बांधूनच हात लावा.

फटीत घोळही येते. तिची भाजी आपण आवडीने खातो. पण तिच्यासारखंच जमिनीलगत पसरणारं दुधी नावाचं तण असतं. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. आणि जिथे कधी औषध फवारलं असेल, तिथली घोळ खाऊच नका.

आता काय करू नये, तेही ऐका. पुष्कळ जणी मीठ टाकतात. गवत जळतं खरं, पण मीठ तिथेच थांबत नाही. पावसाबरोबर ते कुंडीत, झाडांच्या मुळाशी, भिंतीच्या पायात जातं. लोखंडी सळईला गंज चढतो. काळ्या मातीत शिरलेलं मीठ सहजासहजी निघत नाही. आपल्या शेजारी पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याच्या शेतकऱ्यांना विचारा.

व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिडही नको. शहाबादी फरशी चुनखडीच्या दगडाची असते. आंबट पडलं की तिची चकाकी जाते, डाग कायमचा राहतो. व्हिनेगरने पानं जळतात, मुळं तशीच राहतात. आणि ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

खरा उपाय फट बंद करण्याचा आहे, आणि तो पावसाळा संपल्यावर करायचा. फरशीच्या सांध्यातली माती खरवडून काढा, पाण्याने धुवा, मग एक वाटा सिमेंट आणि तीन वाटे चाळलेली वाळू कालवून सांधे दाबून भरा. आठवडाभर ओलं ठेवा. पेव्हर ब्लॉकच्या फटीत सिमेंट नको, पाणी मुरायला हवं. तिथे कोरडी बारीक वाळू झाडूने भरा. नवीन अंगण करणार असाल तर गवंड्याला काळ्या मातीवर थेट फरशी बसवू देऊ नका. आधी मुरूम टाकून चोपून घ्यायला सांगा. एवढं झालं की रोजच्या झाडण्याने बी टिकत नाही.

आज घरी गेल्यावर कोनाडे, माळा, गोठा पाहा. औषध सापडलं तर मूळ डब्यातच, कुलपात, लेकरांपासून लांब ठेवा. लेबल नसलेली बाटली गटारीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, तिचं काय करायचं ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि चुकून कोणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करायला लावू नका. १०८ वर फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांना ती पाहायला लागते.

अंगणाचं काम चार दिवस उशिरा झालं तरी चालेल. कानबाईला येणाऱ्या पाहुण्यांना एखादं गवताचं पातं दिसलं, तर कोणी नावं ठेवणार नाही.